महासाथीतील रद्द सामने आणि जबाबदारीचा प्रश्न : महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल आणि बालाघाट जिल्हा

१. प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. शाळा, महाविद्यालये, कारखाने व बाजारपेठा यांच्याबरोबर क्रीडांगणेही बंद झाली. शिक्षणक्षेत्रात पुढे परीक्षांविषयी पुष्कळ चर्चा झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २८ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा निकालही लागला. मात्र त्याच वर्षी महाविद्यालयीन खेळाडूंचे जे सामने झालेच नाहीत, त्यांचा हिशेब क्वचितच मांडला गेला.

सामना रद्द करणे हा वरवर पाहता एका ओळीचा आदेश असतो. प्रत्यक्षात त्या एका ओळीने नुकसानीची वाटणी होत असते. आयोजक संस्थेचा खर्च वाचतो, प्रशासनाची चिंता कमी होते आणि खेळाडूचे वर्ष जाते. हे वर्ष कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा जबाबदारीचा मूळ प्रश्न आहे. महिला बास्केटबॉलसारख्या सांघिक खेळात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुलींच्या खेळण्याचा काळ बहुधा महाविद्यालयाच्या तीन वर्षांपुरताच असतो आणि त्यातील एक वर्ष गेले तर ते परत मिळवण्याची दुसरी सोय क्वचितच असते.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) सामना रद्द होणे, पुढे ढकलणे, बाद ठरणे व निकालविरहित राहणे या संकल्पनांमधील फरक स्पष्ट करणे.
(ब) २०२० ते २०२३ या काळात देशातील व परदेशातील संस्थांनी हा प्रश्न कसा हाताळला याचा आढावा घेणे.
(क) बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्यातील विद्यार्थिनींच्या दृष्टीने जबाबदारीची वाटणी कशी असावी याची मांडणी करणे.

३. बालाघाट जिल्हा आणि स्पर्धांची शिडी

बालाघाट हा मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकाचा, वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्हा होय. दक्षिणेस महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा हे जिल्हे त्याला लागून आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे हिंदी व पोवारीबरोबर मराठी बोलणारी कुटुंबेही येथे आहेत आणि सोयरीक, बाजार, दवाखाना व शिक्षण यांसाठी गोंदिया-नागपूरशी जुने येणेजाणे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख होती. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया असे प्रमाण नोंदले गेले व मध्य प्रदेशात ते सर्वाधिक होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींसाठी शासकीय कमला नेहरू कन्या महाविद्यालय आहे.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने बालाघाट जिल्हा पूर्वी जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाशी जोडलेला होता. २०१९ मध्ये छिंदवाडा येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले व छिंदवाडा, सिवनी, बालाघाट आणि बैतूल हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. या विद्यापीठाला पुढे राजा शंकर शाह यांचे नाव देण्यात आले. याचा अर्थ असा की, महासाथ आली तेव्हा बालाघाटचे महाविद्यालयीन खेळ एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत नुकतेच गेले होते.

मध्य प्रदेशात महाविद्यालयीन खेळांची शिडी ठरलेली आहे. प्रथम महाविद्यालयाचा संघ, नंतर जिल्हास्तर, नंतर संभागस्तर आणि मग राज्यस्तर. याच खेळाडूंमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. मध्य प्रदेशातील विद्यापीठे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान व गोवा यांच्याबरोबर पश्चिम विभागात मोडतात. विभागातून पुढे आलेले संघ अखिल भारतीय फेरी खेळतात आणि खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेची वाटही तेथूनच जाते. या शिडीची सर्वांत खालची पायरी काढून घेतली की वरची एकही पायरी गाठता येत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. महानगरातील मुलीला क्लब, खाजगी अकादमी, जिल्हा संघटनेच्या स्पर्धा अशा आडवाटा असतात. जिल्ह्याच्या गावातील मुलीला महाविद्यालयाचा संघ हीच बहुधा एकमेव वाट असते.

४. स्पर्धा कशा थांबल्या

महासाथीच्या उंबरठ्यावर, २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० या काळात भुवनेश्वर येथे पहिली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा पार पडली. तिच्यात बास्केटबॉलचाही समावेश होता. त्यानंतर तीन-चार आठवड्यांतच देश बंद झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १७ मे २०२० च्या आदेशाने क्रीडासंकुले व स्टेडियम प्रेक्षकांविना उघडण्यास परवानगी मिळाली. परंतु ही परवानगी मुख्यतः सरावापुरती उपयोगी पडली. बास्केटबॉल हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद कोर्टवर दहा खेळाडू एकाच चेंडूमागे धावतात व श्वासाच्या अंतरावर उभे राहून एकमेकींना अडवतात. त्यामुळे नेमबाजी किंवा ॲथलेटिक्सच्या तुलनेत हा खेळ पुन्हा सुरू करणे अवघड होते.

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षात आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नेहमीचे वेळापत्रक पार पडू शकले नाही. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ ॲथलेटिक्स स्पर्धेचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिचे ८० वे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये मूडबिद्री येथे झाले आणि ८१ वे थेट जानेवारी २०२२ मध्ये. बास्केटबॉलच्या वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचेही तसेच झाले. ७० वी स्पर्धा डिसेंबर २०१९ मध्ये लुधियाना येथे झाली, तर ७१ वी एप्रिल २०२२ मध्ये चेन्नई येथे. दुसरी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२१ ऐवजी २४ एप्रिल ते ३ मे २०२२ या काळात बंगळुरू येथे घेण्यात आली.

बालाघाटच्या बाबतीत यात सीमेची भर पडली. महाराष्ट्रात रुग्णसंख्या वाढू लागल्याने मध्य प्रदेश शासनाने २० मार्च २०२१ पासून महाराष्ट्राशी असलेली बससेवा स्थगित केली. प्रथम ३१ मार्चपर्यंत असलेली ही स्थगिती पुढे वाढली. बालाघाटहून गोंदिया जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. या शेजारच्या शहराशी एखादा मैत्रीपूर्ण सामना ठेवणेही त्या काळात शक्य राहिले नाही. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर खेळाचा विचारही कोणी करण्याच्या स्थितीत नव्हते आणि ते योग्यच होते.

या प्रदेशाला साथींचा अनुभव नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक बळी गेलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच साथीमुळे १९१९ मध्ये उत्तर अमेरिकेत आईस हॉकीची स्टॅनले चषकाची अंतिम मालिका खेळाडू आजारी पडल्याने अर्धवट थांबवावी लागली व त्या वर्षी कोणालाही विजेता घोषित केले गेले नाही. आजारपणाला पराभव म्हणायचे नाही, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीही कोणाला तरी सुचले होते.

५. चार शब्द, चार परिणाम

बोलीभाषेत ‘सामना रद्द झाला’ असे एकच वाक्य वापरले जाते. नियमांच्या भाषेत मात्र चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

(१) पुढे ढकलणे : सामन्याचा हक्क कायम राहतो, केवळ तारीख बदलते. आयोजकांवर नवी तारीख देण्याचे बंधन राहते.
(२) रद्द करणे : सामना होणार नाही व त्याचा गुणतक्त्यावर परिणाम होणार नाही. दोन्ही संघ समान स्थितीत राहतात.
(३) निकालविरहित ठरवणे : सामना झाला नाही व कोणाचाही पराभव नोंदला गेला नाही, परंतु बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपलब्ध असलेला संघ पुढे जातो.
(४) सामना बाद धरणे : अनुपस्थित संघाचा पराभव नोंदला जातो. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याला ‘वॉकओव्हर’ किंवा ‘पुढे चाल’ मिळाली असे म्हणतात.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (फिबा) नियमांनुसार सामन्याच्या ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पाच खेळाडू उभे करता आले नाहीत तर तो संघ सामना गमावतो. प्रतिस्पर्ध्याला २०-० असा विजय मिळतो. विजयास दोन व पराभवास एक गुण अशी पद्धत असली तरी अशा संघाला शून्य गुण मिळतात. म्हणजे खेळून हरणाऱ्या संघापेक्षाही न येणारा संघ खाली जातो. सामना चालू असताना दुखापत वा बाद होण्यामुळे कोर्टवर दोनपेक्षा कमी खेळाडू उरले तर मात्र वेगळा नियम आहे. तेथे तो संघ हरतो, पण त्याला एक गुण मिळतो.

या नियमांचा हेतू स्पष्ट आहे. जाणूनबुजून उशिरा येणारा, चिडून खेळण्यास नकार देणारा किंवा बेफिकीर संघ यांना शिक्षा व्हावी, हा तो हेतू. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गुन्हा होता, साथ नव्हती. बारा जणींच्या संघातील एका मुलीचा तपासणी अहवाल बाधित आला व तिच्या संपर्कातील आठ जणींना विलगीकरणात जावे लागले, तर उरतात तिघी. नियमाच्या शब्दाप्रमाणे हा संघ ‘न आलेला’ संघ ठरतो. पण त्याने तपासणी करून घेतली, अहवाल लपवला नाही, सूचना पाळली. म्हणजेच प्रामाणिकपणाची किंमत शून्य गुण आणि लपवाछपवीचे बक्षीस दोन गुण, असा उफराटा न्याय होण्याचा धोका असतो. महासाथीतील जबाबदारीच्या चर्चेचा हा गाभा आहे. ज्या नियमाने आजार सांगणाऱ्याला दंड होतो, तो नियम आजार लपवण्यास शिकवतो.

हा धोका काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये आशिया चषक पात्रता फेरीसाठी बहरीनमधील मनामा येथे पुरुष संघ न पाठवल्याबद्दल न्यूझीलंड व दक्षिण कोरिया यांना फिबाने आर्थिक दंड व गुणकपात केली. शिक्षेचा निम्मा भाग पुढील फेरीत सहभागी होण्याच्या अटीवर स्थगित ठेवला. आरोग्याच्या कारणाने घेतलेला निर्णयही शिस्तभंगाच्या तराजूत तोलला जाऊ शकतो, हे यावरून दिसते.

६. परदेशातील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अनुभव

महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सर्वांत मोठा पसारा अमेरिकेत आहे. स्त्रियांचे बास्केटबॉलही तेथे महाविद्यालयातच जन्मले. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ शोधला आणि सेंडा बेरेन्सन यांनी पुढच्याच वर्षी तो स्मिथ कॉलेजमधील विद्यार्थिनींना शिकवला. तेथील साधने व पैसा यांची बालाघाटशी तुलना होऊ शकत नाही. परंतु तेथे झालेल्या चुका व दुरुस्त्या अभ्यासण्यासारख्या आहेत.

(अ) संपूर्ण स्पर्धा रद्द : तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) १२ मार्च २०२० रोजी पुरुष व महिला या दोन्ही राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द केल्या. त्या वसंत ऋतूत खेळ बुडालेल्या खेळाडूंना एक अतिरिक्त वर्ष मिळाले, पण ज्यांचा हंगाम जवळपास पूर्ण झाला होता त्या बास्केटबॉलपटूंना मिळाले नाही. २०२०-२१ च्या हिवाळी हंगामासाठी मात्र ऑक्टोबर २०२० मध्येच निर्णय झाला की, हे वर्ष कोणत्याही खेळाडूच्या पात्रतेच्या वर्षांत मोजले जाणार नाही. हंगाम सुरू होण्याआधीच हे जाहीर झाल्यामुळे ‘आजारी असूनही खेळावेच लागेल’ हे दडपण कमी झाले.

(ब) खेळाडूंचा नकाराचा हक्क : ड्यूक विद्यापीठाच्या महिला संघाने अवघे चार सामने खेळून डिसेंबर २०२० मध्ये उरलेला हंगाम सोडून दिला. जानेवारी २०२१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या महिला संघानेही तेच केले. ड्यूकच्या निर्णयात खेळाडूंच्या मताचा मोठा वाटा होता.

(क) दंडाच्या नियमात बदल : २०२१-२२ च्या हंगामाच्या आरंभी अनेक प्रादेशिक गटांनी खेळाडू अपुरे पडल्यास सामना बाद धरण्याचे नियम केले होते. लस उपलब्ध झाली असल्याने आता सबब चालणार नाही, असा त्यामागील विचार होता. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली व लस घेतलेले खेळाडूही बाधित होऊ लागले. तेव्हा काही आठवड्यांतच हे नियम मागे घेऊन सामने पुढे ढकलण्याचे वा रद्द करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

(ड) समान सुरक्षेचा प्रश्न : मार्च २०२१ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सॅन अँटोनियो येथे व पुरुषांची इंडियानापोलिस येथे झाली. पुरुषांसाठी सुसज्ज व्यायामशाळा होती, तर महिलांसाठी सुरुवातीला डंबेल्सचा एक छोटा स्टँड. ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने ही तफावत चित्रफितीद्वारे उघड केली. तपासणीतही फरक होता. पुरुषांची दररोज पीसीआर चाचणी होत असे, महिलांची तुलनेने कमी अचूक अशी अँटिजेन चाचणी. पुढे नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल ऑगस्ट २०२१ मध्ये आला व त्याने दोन स्पर्धांमधील विषमता स्पष्ट शब्दांत नोंदवली.

(इ) स्थानिक बंदी व खेळाचे सातत्य : कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याने नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस संपर्काच्या खेळांवर बंदी घातली. स्टॅनफर्डच्या महिला संघाला सुमारे नऊ आठवडे घर सोडून हॉटेलांत राहावे लागले. याच संघाने ४ एप्रिल २०२१ रोजी ॲरिझोनाला ५४-५३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या यशामागे जिद्द होती, तसाच विद्यापीठाने उचललेला खर्चही होता. सीमा बंद झाली तेव्हा कोणत्याही बसने कुठेही जाऊ न शकणाऱ्या मुलींना केवळ जिद्दीचे धडे देणे अन्यायाचे ठरेल.

जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेचा निर्णयही उल्लेखनीय आहे. चेंगडू येथील स्पर्धा ऑगस्ट २०२१ मध्ये व्हायची होती. ती प्रथम २०२२ व नंतर जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये ढकलण्यात आली. विलंबामुळे कोणी वयाच्या अटीत अडकू नये म्हणून कमाल वयोमर्यादा २५ वरून २७ वर्षे करण्यात आली. स्पर्धा पुढे गेली तेव्हा खेळाडूचे वयही नियमाने पुढे सरकवले. जबाबदारी घेणे म्हणजे काय, याचे हे सुटसुटीत उदाहरण होय.

७. गमावलेल्या वर्षाचा हिशेब

उदाहरणादाखल जून-जुलै २०१९ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीचा विचार करू. पहिल्या वर्षी ती संघात नवखी असते व बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसते. दुसरे वर्ष, २०२०-२१, हे तिच्या खेळाचे खरे वर्ष. ते पूर्णपणे गेले. तिसरे वर्ष, २०२१-२२, दुसऱ्या लाटेच्या सावटाखाली सुरू झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा अडवले. कागदावर तीन हंगाम व प्रत्यक्षात एक-सव्वा, असा हा हिशेब आहे. मुलाच्या बाबतीत ‘आणखी एक वर्ष बाहेरून शिकून खेळेल’ हा पर्याय घरात बोलला तरी जातो. मुलीच्या बाबतीत पदवी संपली की नोकरी किंवा लग्न हेच विषय निघतात. म्हणून समान आदेशाचा परिणाम समान होत नाही.

या नुकसानीचे तीन भाग पडतात.

पहिला भाग प्रमाणपत्राचा. केंद्र सरकारच्या गुणवान खेळाडूंच्या भरतीविषयक आदेशांनुसार आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडूही पात्र धरला जातो व त्या यादीत बास्केटबॉल आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ज्या वर्षी स्पर्धा नाही, त्या वर्षी प्रमाणपत्र नाही. रेल्वेचा महिला संघ देशात अग्रगण्य आहे आणि खेळाच्या बळावर रेल्वेत नोकरी मिळवलेल्या मुलींची उदाहरणे लहान गावांतील पालकांना ठाऊक असतात. त्यामुळे मुलीला खेळू देण्याविषयी घरात झालेल्या वाटाघाटीत हे प्रमाणपत्र हाच पुष्कळदा मोठा मुद्दा असतो. ते हुकले की धाकट्या बहिणीला मिळणारी परवानगीही डळमळते.

दुसरा भाग वयाचा. आंतरविद्यापीठ स्पर्धांना सर्वसाधारणपणे २५ वर्षांची कमाल मर्यादा असते. पदवीच्या विद्यार्थिनीला ती लगेच आड येत नाही. पण पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, उशिरा शाळेत गेलेल्या किंवा मध्येच शिक्षण सुटून पुन्हा आलेल्या मुलींना निश्चितच आड येते. ग्रामीण व मागास भागांत अशा मुली कमी नसतात.

तिसरा भाग शुल्काचा. जी सुविधा दिली नाही, तिचे शुल्क घ्यावे काय? शाळांच्या संदर्भात न्यायालयांनी याचे उत्तर दिले आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये खाजगी शाळांना महासाथीच्या काळात केवळ शिकवणी शुल्क घेण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी राजस्थानातील खाजगी शाळांच्या प्रकरणात २०२०-२१ च्या वार्षिक शुल्कात १५ टक्के कपात करण्याचा आदेश दिला. न वापरलेल्या सुविधांवरील वाचलेल्या खर्चातून संस्थेने नफा मिळवू नये, हे त्यामागील तत्त्व होते. हे निर्णय महाविद्यालयांच्या क्रीडाशुल्काला आपोआप लागू होत नाहीत. मात्र नैतिकदृष्ट्या तोच न्याय येथेही लागू पडतो. शुल्क परत करणे शक्य नसेल, तर ती रक्कम पुढील वर्षी त्याच खेळाडूंच्या सरावासाठी, साहित्यासाठी व प्रवासासाठी राखून ठेवता येते.

८. संमतिपत्राने जबाबदारी संपते काय?

मैदाने पुन्हा उघडली तेव्हा खेळाडूंकडून वा पालकांकडून संमतिपत्र घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. संमतिपत्राचा योग्य उपयोग आहे. धोका काय आहे हे खेळाडूला समजले व तिने समजून होकार दिला, याचा तो पुरावा असतो. परंतु ‘काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य त्यात घातले की माहितीचा कागद हा जबाबदारी झटकण्याचा कागद बनतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये असे हक्कत्यागाचे पत्र खेळाडूंकडून लिहून घेण्यास मनाई केली.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. संघात निवड व्हावी असे वाटणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी क्रीडा अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करण्यास क्वचितच नकार देते. तिचे पालकही ‘सरांनी सांगितले’ म्हणून सही करतात. ज्या होकारामागे नकाराची मोकळीक नाही, तो होकार अर्धाच असतो. म्हणून संमतिपत्र घेणाऱ्याने दोन गोष्टी लेखी देणे आवश्यक आहे. नकार दिल्यास संघातील स्थान जाणार नाही आणि खेळताना बाधा झाल्यास उपचारासाठी संस्था काय करील. बाधित खेळाडूंमध्ये हृदयस्नायूंना दाह होण्याची शक्यता डॉक्टरांनी त्या काळात लक्षात आणून दिली होती व म्हणून बरे झाल्यावर टप्प्याटप्प्याने सराव वाढवण्याचा सल्ला दिला जात होता. असा सल्ला देणारा डॉक्टर महाविद्यालयापर्यंत पोहोचणे हीदेखील संस्थेचीच जबाबदारी ठरते.

९. जबाबदारीची वाटणी

वरील विवेचनावरून जबाबदारी एका व्यक्तीवर किंवा एका संस्थेवर टाकता येत नाही, हे स्पष्ट होते. तथापि ‘सर्वांची जबाबदारी’ म्हणजे कोणाचीच नाही, असेही होऊ नये. म्हणून पुढीलप्रमाणे वाटणी सुचवता येते.

(१) शासन व जिल्हा प्रशासन : साथरोग कायदा १८९७ व आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांखाली बंदीचा अधिकार शासनाकडे आहे. तो वापरताना शिक्षणसंस्थांच्या संघांना आंतरराज्य प्रवासाची मुभा कोणत्या अटींवर व केव्हा मिळेल, हे वेळीच सांगणे ही प्रशासनाची जबाबदारी होय.

(२) आयोजक संस्था : स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच आजारपणामुळे न होणाऱ्या सामन्याचा नियम लेखी असावा. आरोग्याच्या कारणाने उपलब्ध नसलेल्या संघाला शून्य गुणांची शिक्षा नसावी. किमान किती खेळाडू उपलब्ध असल्यास सामना होईल, हेही आधीच ठरावे. मुले व मुली यांच्या संघांना तपासणी, निवास व सराव यांची सोय एकाच दर्जाची असावी.

(३) विद्यापीठ : स्पर्धा रद्द झाल्यास निवडलेल्या संघातील खेळाडूंची यादी कायम ठेवून तशी नोंद असलेले पत्र द्यावे. ‘या वर्षी स्पर्धा झाली नाही, सदर खेळाडूची निवड झाली होती’ एवढी दोन वाक्येही उद्याच्या मुलाखतीत उपयोगी पडतात. स्पर्धेतील सहभागाचे खोटे प्रमाणपत्र देणे हा उपाय नव्हे, खरी नोंद ठेवणे हा उपाय आहे.

(४) महाविद्यालय : क्रीडा अधिकारी, प्राचार्य व पालक यांच्यात संपर्क राहावा. मैदान बंद असताना घरी करावयाचे व्यायाम, नियमांचा अभ्यास, पंच परीक्षेची तयारी यांतून संघ जिवंत ठेवता येतो. महिला संघ एकदा मोडला की पुन्हा बारा मुली गोळा करणे हे किती कष्टाचे असते, हे प्रत्येक क्रीडा अधिकाऱ्याला ठाऊक आहे.

(५) खेळाडू : आजार न लपवणे, तपासणी करून घेणे व सहखेळाडूंना वेळीच सांगणे ही खेळाडूची जबाबदारी आहे. मात्र तिने ती पार पाडावी अशी अपेक्षा करणाऱ्यांनी प्रामाणिकपणाचा दंड आधी काढून टाकला पाहिजे.

(६) पालक व समाज : ‘एक वर्ष गेले, आता खेळ पुरे’ हा निष्कर्ष मुलीवर लादला जाऊ नये. वर्ष तिने गमावलेले नाही, ते तिच्याकडून गेले आहे. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी पालकसभांमधून ही गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे.

१०. समारोप

२०२० व २०२१ मध्ये सामने रद्द करणे योग्य होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. जिवापेक्षा खेळ मोठा नाही. परंतु योग्य निर्णयाचेही परिणाम असतात आणि निर्णय योग्य होता म्हणून परिणामांची जबाबदारी संपत नाही. रद्द करण्याच्या प्रत्येक आदेशाला दोन भाग असावयास हवेत. पहिला, काय होणार नाही हे सांगणारा. दुसरा, जे गेले त्याची भरपाई कशी होईल हे सांगणारा. ज्यांनी वयोमर्यादा वाढवली, हंगाम पात्रतेत न मोजण्याचे ठरवले किंवा बाद धरण्याचे नियम मागे घेतले, त्यांनी हा दुसरा भाग लिहिला. आपल्याकडील बहुतेक आदेशांत पहिलाच भाग होता.

साथी पुन्हा येणार नाहीत असे कोणीही सांगू शकत नाही. पूर, उष्णतेची लाट, प्रदूषण किंवा सीमेवरील निर्बंध यांमुळेही स्पर्धा रद्द होऊ शकतात. त्यावेळी नव्याने वाद घालण्यापेक्षा प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडा नियमावलीत एक परिच्छेद आजच समाविष्ट करणे सोपे आहे. त्या परिच्छेदास फार खर्च येणार नाही. बालाघाटसारख्या जिल्ह्यातील, महाविद्यालयाच्या तीन वर्षांतच आपले सारे खेळणे बसवावे लागणाऱ्या मुलीसाठी मात्र त्याचे मोल एका संपूर्ण वर्षाएवढे असेल.